कागदावरची अनाथ, घरातली लेकरे

१/ ऑक्टोबर १९५५. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या विमानतळावर हॅरी होल्ट नावाचा पन्नाशी ओलांडलेला शेतकरी उतरला. त्याच्यासोबत कोरियाहून आणलेली बारा मुले होती. त्यांतली आठ होल्ट कुटुंबाची, उरलेली चार इतरांची. हॅरी आणि बर्था होल्ट यांना पोटची सहा मुले आधीच होती. म्हणजे क्रेसवेल गावाजवळच्या त्या एका घरात मुलांची संख्या एका दिवसात चौदा झाली. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हजर होते. छायाचित्रे देशभर गाजली आणि ‘आम्हालाही असे मूल हवे’ असे सांगणारी पत्रे होल्ट दांपत्याकडे येऊ लागली.

त्या छायाचित्रांनंतर घराघरांत काय घडले, त्याचा हा धागा.

२/ मराठी वाचकाला ‘दत्तक’ म्हटले की साताऱ्याची आणि झाशीची गादी आठवते. आपल्याकडचे दत्तकविधान वंश चालवण्यासाठी असे. बहुतेक वेळा भाऊबंदांतलाच मुलगा घेतला जाई, आणि तो कोणाचा हे साऱ्या गावाला ठाऊक असे. मुलाचे मूळ लपवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर जी आंतरराष्ट्रीय दत्तक पद्धत उभी राहिली, तिचे स्वरूप याच्या अगदी उलट होते. मूल समुद्रापलीकडून येई आणि त्याच्या मागचे सगळे दोर कापलेले असत.

३/ १९५० ते १९५३ या युद्धाने कोरिया उद्ध्वस्त झाला होता. अनाथालये भरून वाहत होती. त्यांत परदेशी सैनिकांपासून झालेली मुलेही होती आणि त्यांची अवस्था सर्वांत बिकट होती. वडिलांच्या वंशावर माणसाची ओळख ठरणाऱ्या समाजात त्यांना स्थान नव्हते. सिंगमन री यांचे सरकार एकजिनसी राष्ट्राच्या कल्पनेने भारलेले होते आणि ही मुले देशाबाहेर गेली तर त्याला हवेच होते. तिकडे अमेरिकेच्या तत्कालीन निर्वासित कायद्यानुसार एका कुटुंबाला परदेशातून दोनच मुले आणता येत. होल्टना आठ हवी होती, म्हणून त्यांच्यासाठी काँग्रेसने स्वतंत्र कायदा केला. एका शेतकरी कुटुंबासाठी संसदेने कायदा करावा, यावरून त्या काळच्या अमेरिकेत या कल्पनेला किती अनुकूल वारे होते ते दिसते.

४/ पुढे होल्ट यांनी संस्थाच काढली. पद्धत सोपी होती, आणि अनेक समाजकार्यकर्त्यांच्या मते भयावह होती. दत्तक घेणाऱ्यांनी कोरियात जायचे नाही. त्यांच्या वतीने होल्ट तिथल्या न्यायालयात दत्तकविधान पूर्ण करणार आणि मुले विमानाने अमेरिकेत पोहोचणार. घराची पारख जवळजवळ नाही, अट एवढीच की कुटुंब श्रद्धावान ख्रिस्ती असावे. आईवडील मुलाला पहिल्यांदा पाहत ते विमानतळावर. बालकल्याण क्षेत्रातल्या व्यावसायिकांनी याला कडाडून विरोध केला आणि १९६१ च्या कायद्याने या परस्पर दत्तकाला लगाम घातला. होल्ट यांच्या सद्हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. १९६४ साली ते कोरियातच वारले. तरीही घाई ही या व्यवस्थेच्या पायातच होती.

५/ आता एक कागद नीट पाहायला हवा, कारण पुढचे सारे त्याच्याभोवती फिरते. कोरियात प्रत्येक माणसाची नोंद कुटुंबाच्या नोंदवहीत असे, त्यात घराचा कर्ता आणि खाली बाकीचे सदस्य. परदेशी पाठवायच्या मुलासाठी वेगळी नोंद केली जाई. त्यात एकच नाव असे, त्या मुलाचे. चार महिन्यांचे तान्हे बाळ कागदावर एकट्याच्या कुटुंबाचे कर्ते ठरे. आई जिवंत असो, आजी दारात उभी असो, नोंदीत ते अनाथ. अमेरिकेला व्हिसासाठी ‘अनाथ’ हवा होता, आणि या कागदाने तो तयार होई.

६/ घरातली पहिली लढाई बहुधा झोपेची असे. कोरियन मूल उबदार जमिनीवर, मोठ्यांच्या अंगाला लागून झोपलेले. तिथल्या घरांत चुलीची ऊब जमिनीखालून खेळवलेली असते. अनाथालयातही एका ओळीत दहा मुले. दिवसा पाठीवर कापडाने बांधलेले. आणि इथे प्रेमाने सजवलेली स्वतंत्र खोली, उंच पलंग, बंद दार, काळोख. अमेरिकन आईला वाटे, मुलाला आजवर कधी न मिळालेले सुख आपण देत आहोत. मुलाच्या लेखी ती एकटे टाकल्याची शिक्षा होती. शेवटी कित्येक घरांत आई किंवा बाप पलंगाशेजारी सतरंजी टाकून जमिनीवर झोपला. हे शहाणपण पुस्तकातून आले नव्हते, जागरणातून आले होते.

७/ दुसरी लढाई ताटावरची. भाताची सवय असलेल्या मुलापुढे दूध, पाव, लोणी आणि उकडलेले बटाटे येत. दूध कित्येकांना पचत नसे. संस्थेत वाढलेली मुले खिशात, उशीखाली अन्न लपवत, आणि पोट भरले तरी हात थांबत नसे. ही चोरी आहे असे समजून रागावणारे पालक होते, तसेच रात्री मुलाच्या हाताला लागेल असे खाणे मुद्दाम ठेवून देणारेही होते. हात हळूहळू थांबत असे. सगळ्यांचा नाही.

८/ आणि नाव. विमानात चढताना मनगटावर पट्टी, पट्टीवर प्रकरण क्रमांक. विमानातून उतरल्यावर सुसान, डेव्हिड, कॅथी. कोरियन नाव कधी मधले नाव म्हणून उरे, कधी तेही नाही. बरे, ते कोरियन नाव तरी आईने ठेवलेले असे का? अनेकदा अनाथालयातल्या कारकुनाने दिलेले. जन्मतारीखही अंदाजाने. दरवर्षी केक कापला जाई तो दिवस कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला. काही घरांत म्हणून दुसरा दिवसही साजरा होऊ लागला, विमान उतरले तो. पालकांसाठी तो निखळ आनंदाचा दिवस. मोठी झाल्यावर काही मुलांनी सांगितले की त्याच दिवशी आपले काय सुटले, हे घरात कोणी विचारत नव्हते.

९/ हे सारे एका घरात कसे दिसते? डीअॅन बोर्शे लीम या चित्रपटकर्तीने स्वतःच ते जगासमोर ठेवले आहे. कॅलिफोर्नियातले बोर्शे दांपत्य एका संस्थेमार्फत कोरियातल्या चा जुंग ही या मुलीसाठी दरमहा पैसे पाठवत असे. पत्रे येत-जात. जीव जडला आणि त्यांनी तिला दत्तक घ्यायचे ठरवले. १९६६ साली आठ वर्षांची मुलगी विमानतळावर उतरली. घरच्यांनी मिठ्या मारल्या. खाऊ, कपडे, खोली, भाऊ-बहीण, सारे तयार होते.

१०/ पण ती चा जुंग ही नव्हती. खऱ्या चा जुंग हीला तिचे वडील अनाथालयातून परत घेऊन गेले होते. कागदपत्रे तयार होती, अमेरिकेतले कुटुंब वाट पाहत होते. अनाथालयाने त्याच नावाने दुसरी मुलगी पाठवली. तिचे नाव कांग ओक जिन. तिची आई जिवंत होती, भावंडे होती. आपण कोण ते कोणाला सांगायचे नाही, अशी तिला ताकीद मिळालेली होती.

११/ काही काळाने पुरेसे इंग्रजी आल्यावर त्या मुलीने नव्या आईला सांगून टाकले की मी ती मुलगी नाही, माझी आई आहे, भावंडे आहेत. आईने कागद दाखवले. त्यात लिहिले होते की आई नाही, वडील नाहीत. तुला स्वप्न पडले असेल, अशी तिची समजूत घातली गेली. ती आई दुष्ट नव्हती, हेच या प्रसंगात सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. तिने मुलीवर जीव टाकला होता आणि सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवला होता. पुढे मुलीलाही ते स्वप्नच वाटू लागले. ती हसतमुख, लोकप्रिय अमेरिकन विद्यार्थिनी झाली, कोरियन भाषा आणि आठवण दोन्ही पुसल्या गेल्या. मोठेपणी नैराश्याच्या काळात ते ‘स्वप्न’ परत येऊ लागले, तेव्हा तिने स्वतःच्या कागदपत्रांत शोध घेतला. एकाच नावाखाली दोन वेगळ्या मुलींची छायाचित्रे तिला सापडली. पुढे तिने दोन्ही कुटुंबांना कोरियात एका खोलीत बसवले. २००० सालचा ‘फर्स्ट पर्सन प्लुरल’ हा माहितीपट म्हणजे त्या भेटीची नोंद.

१२/ सुरुवातीच्या दशकांत पालकांना मिळणारा सल्ला एकच होता : मूल तुमचेच आहे, वेगळेपणाचा उच्चार नको. मायेने दिलेला हा सल्ला शाळेच्या अंगणात कोलमडे. तिथे डोळ्यांच्या ठेवणीवरून चिडवणारे असत, आणि घरी येऊन सांगावे तर आईवडिलांना तसा अनुभवच नसे. वर्गात वंशवृक्ष काढायचा गृहपाठ मिळे आणि मूल कोरी वही घेऊन बसे. १९७०-८० च्या दशकांत हवा पालटली. मिनेसोटात कोरियन दत्तक मुले मोठ्या संख्येने होती, तिथे उन्हाळी शिबिरे सुरू झाली. आठवडाभर किमची, तायक्वांदो, पंखानृत्य. घरी परतल्यावर पुन्हा बटाटे. शिबिरातली संस्कृती शोभेची होती अशी टीका पुढे त्यांतल्याच काहींनी केली. मात्र आपल्यासारखे चेहरे असलेली शंभर मुले एका जागी पाहण्याचे अप्रूपही त्यांनीच सांगितले.

१३/ युद्ध संपून तीस वर्षे झाली तरी विमाने थांबली नाहीत, उलट वाढली. १९८५ या एकाच वर्षात ८,८३७ मुले कोरियाबाहेर गेली. तोवर कोरिया मोटारी आणि दूरचित्रवाणी संच निर्यात करू लागला होता. आता जाणारी मुले युद्धातली अनाथ नव्हती. बहुतेक अविवाहित आयांची होती. सरकारने त्यांच्यासाठी आधार उभारला नव्हता आणि समाजाने त्यांना तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी परदेशी पत्रकारांनी मुलांच्या या ‘निर्याती’वर बोट ठेवले. मग लाज वाटली आणि आकडे खाली येऊ लागले. एकूण संख्या दोन लाखांच्या आसपास सांगितली जाते.

१४/ एक गोष्ट फार थोड्या अमेरिकन पालकांना माहीत होती. दत्तकविधान झाले म्हणून मूल आपोआप नागरिक होत नसे. त्यासाठी वेगळा अर्ज लागे. कोणी तो केला, कोणी विसरले, कोणी करायचाच टाळला. २००० साली कायदा झाला आणि नागरिकत्व आपोआप मिळू लागले, पण फेब्रुवारी २००१ मध्ये ज्यांचे वय अठराच्या आत होते त्यांनाच. मोठे झालेले बाहेर राहिले. शाळा, नोकरी, संसार सारे अमेरिकेत केलेल्या काही माणसांना चाळिशीत कळले की आपण इथले नागरिकच नाही. गुन्ह्यात शिक्षा झालेल्या काहींना तर भाषाही न येणाऱ्या कोरियात परत धाडण्यात आले.

१५/ युरोपात ही लाट मोठी होती ती स्वीडनमध्ये. एक कोटी लोकवस्तीच्या या देशात आजवर साठ हजारांच्या आसपास मुले परदेशातून दत्तक आली, सर्वाधिक कोरियातून, आणि मोठ्या संख्येने भारतातूनही. तान्हेपणी आलेल्या या मुलांना स्वीडिशखेरीज दुसरी भाषा नव्हती. तरी दुकानात कोणीतरी त्यांच्याशी मुद्दाम इंग्रजीत बोले. घरी आपण गोरेच आहोत असे वाटत असे आणि आरसा समोर आला की दचकायला होई, असे कितीतरी जणांनी नोंदवले आहे. १९८६ साली स्टॉकहोममध्ये कोरियन दत्तक व्यक्तींची संघटना स्थापन झाली. आजवर या विषयावर पालक, संस्था, सरकारे बोलत. आता ज्यांच्याविषयी बोलले जाई ते बोलू लागले. १९९९ साली वॉशिंग्टनमध्ये अशा सुमारे चारशे प्रौढांचा पहिला मोठा मेळावा भरला.

१६/ भारतातून गेलेल्या मुलांच्या घरांत आणखी एक अनपेक्षित गोष्ट घडत होती. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९१ च्या सुमारास भारतातून आलेल्या १०७ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना पाळी येण्याचे वय साधारण साडेअकरा होते. स्वीडिश मुलींत ते तेरा, आणि भारतातल्या सुस्थित घरांतही साडेबाराच्या आसपास. काहींना तर आठव्या-नवव्या वर्षाच्या आतच. कुपोषित बाळ भरपूर खाणे मिळताच झपाट्याने वाढते, आणि ती वाढ शरीराला लवकर वयात आणते, असा निष्कर्ष निघाला. उंची मात्र मग लवकर थांबे. आता त्या घराची कल्पना करावी. मुलगी तिसरीत आहे, बाहुल्या खेळते, आणि आईला तिला पाळीविषयी सांगावे लागते. त्यात जन्मतारीख अंदाजाची, म्हणजे ती खरेच आठ वर्षांची आहे की दहा, हेही कोणाला ठाऊक नाही.

१७/ ही मुले भारताबाहेर कोणत्या कायद्याने जात? खरे तर दत्तक देण्याचा कायदा परदेशी पालकांसाठी नव्हताच. १९५६ चा दत्तक कायदा फक्त हिंदूंपुरता. म्हणून १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून ‘पालक’ म्हणून परवानगी घ्यायची, मूल घेऊन जायचे आणि दत्तकविधान आपल्या देशात करायचे, असा मार्ग रूढ झाला. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांनी दिलेल्या निकालाने चौकट घालून दिली : आधी भारतीय कुटुंब शोधा, मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच व्यवहार करा, परदेशी घराची पारख करा, मूल गेल्यावर त्याच्या प्रगतीचे अहवाल मागवा. यातूनच १९९० साली केंद्रीय दत्तक यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, उभी राहिली. आजच्या कायद्यात मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय फिरवायला दोन महिन्यांची मुदत आहे. कोरियातल्या कित्येक आयांच्या वाट्याला असा अवधी कधीच आला नाही.

१८/ महाराष्ट्राला ओळखीचे एक नाव इथे घ्यायला हवे. ऑगस्ट १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली एक मुलगी ‘श्रीवत्स’ या अनाथालयात होती. तिथे तिचे नाव लैला. मुंबईत जन्मलेले हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्लिश वंशाच्या पत्नी स्यू यांनी तिला अवघ्या काही आठवड्यांची असताना दत्तक घेतले. त्यांची थोरली मुलगीही दत्तकच, बेंगळुरूची. खरे तर या वेळी ते मुलगा शोधत होते. अमेरिका, केनिया असे मुक्काम करत कुटुंब सिडनीत स्थिरावले, आणि बापाने मुलीला अंगणात क्रिकेट शिकवले. लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली आणि २०१३ चा विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. अंतिम सामना मुंबईत होता, ब्रेबॉर्नवर.

अशी कथा सांगायला सगळ्यांनाच आवडते. पण या घरात बापाचा चेहरा आणि आडनाव मुलीला परके नव्हते. स्मॉलँडच्या खेड्यात किंवा मिनेसोटाच्या शेतावर वाढलेल्या मुलीला ती सोय नव्हती.

१९/ मग ही मुले सुखी झाली की दुःखी? संशोधनाचे उत्तर कोणत्याच बाजूला सोयीचे नाही. २००५ साली डच संशोधकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक परदेशी दत्तक मुलांची वाढ चांगली झाली होती आणि देशातल्या देशात दत्तक गेलेल्यांपेक्षा त्यांच्यात वर्तनाच्या तक्रारी कमी होत्या. त्याआधी, २००२ मध्ये, स्वीडनमधील ११,३२० परदेशी दत्तक तरुणांची नोंदवहीवरून पाहणी झाली. बहुतांशांचे ठीक चालले होते. परंतु आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक होते. दोन्ही निष्कर्ष एकाच पिढीविषयीचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. चर्चेत मात्र जो तो आपल्याला हवा तो एकच उचलतो.

२०/ मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने ३६७ तक्रारींच्या चौकशीतून पहिले निष्कर्ष जाहीर केले. ५६ जणांच्या मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे मान्य केले. खोट्या अनाथ नोंदी, एकाच्या नावावर दुसरे मूल, आईची नीट संमती न घेणे, आणि सरकारची डोळेझाक. आयोगाने सरकारला अधिकृत माफी मागण्याची शिफारस केली. नेदरलँड्सने २०२१ मध्येच परदेशी दत्तकाला स्थगिती दिली होती, आणि २०२५ मध्ये स्वीडनच्या चौकशी समितीनेही ही पद्धत बंद करावी असे सुचवले.

२१/ या बातम्या ऐंशीच्या घरातल्या हजारो आईवडिलांनी ऐकल्या. त्यांनी विमानतळावर हात पसरून मूल घेतले होते, कागद तिजोरीत जपून ठेवले होते. आता पन्नाशीतली मुलगी ते कागद मागते, जनुकीय चाचणी करते, सोलला जाऊन पोलीस चौकीत लाळेचा नमुना देते. आईला वाटते, माझे काही कमी पडले का. मुलगी म्हणते, तुझ्याविषयी काही नाही गं. दोघींचेही खरे असते, आणि जेवणाच्या टेबलावर बराच वेळ कोणी बोलत नाही.

२२/ शेवटी भाषेची गोष्ट. २००३ साली फ्रान्समध्ये आठ कोरियन दत्तक प्रौढांची तपासणी झाली. तीन ते आठ या वयात ते फ्रान्समध्ये आले होते, म्हणजे एकेकाळी कोरियन बोलत होते. त्यांना कोरियन वाक्ये ऐकवली, इतर अपरिचित भाषांचीही ऐकवली. त्यांना कोरियन ओळखता आली नाही, आणि मेंदूच्या चित्रणातही काही वेगळे दिसले नाही. भाषा पुरती पुसली गेली, असे वाटले.

२३/ २०१७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला. कोरियात जन्मलेल्या दत्तक प्रौढांना आणि तितक्याच डच लोकांना त्यांनी कोरियनमधले अवघड व्यंजनोच्चार शिकवले. आपल्याला ‘प’ आणि ‘फ’ यांतला भेद सहज कळतो. कोरियनमध्ये तशा तीन छटा आहेत आणि डच कानांना त्या एकच वाटतात. सरावाआधी दोन्ही गट सारखेच होते. सरावानंतर दत्तक आलेल्यांचे उच्चार डच लोकांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. त्यांतले निम्मे कोरियातून निघाले तेव्हा सहा महिन्यांचेही नव्हते, एक शब्दही बोलत नव्हते. बाकीचे दीड वर्षाच्या आसपास किंवा त्यानंतर निघालेले. या दोन गटांत संशोधकांना काहीही फरक आढळला नाही.